गार्डसाहेबांची थांब्यांची वही

या जगात जे जे हलतं ते वेळेवर हललं पाहिजे, आणि थांबलंच तर का थांबलं याचं कारण लेखी मिळालं पाहिजे, एवढ्या एकाच गोष्टीवर गाढ श्रद्धा असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या नशिबानं माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. पूर्णेला स्टेशनामागं पत्र्याच्या चाळीत आमच्या दोन खोल्या, त्यांची एक, आणि पुढं दोघांत मिळून एक अंगण. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, ते रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. सगळं गाव त्यांना गार्डसाहेब म्हणायचं, आणि एकटा राहणारा हा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस त्या नावाला असा काही जागायचा की रेल्वेनं त्यांना रिटायर केलंय ही बातमी बहुधा त्यांच्यापर्यंत पोचलीच नसावी.

गार्डाला प्रत्येक फेरीचं जर्नल लिहावं लागतं. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता पोचली, किती वाजता सुटली, किती मिनिटं वाया गेली आणि का गेली. बत्तीस वर्षं मीटरगेजच्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये बसून गार्डसाहेबांनी हे लिहिलं, आणि नोकरी संपल्यावर गाड्या गेल्या तरी हात काही थांबेना. मग त्यांनी बाजारातून एक जाडजूड वही आणली, पट्टीनं तिच्यात रकाने आखले, आणि गल्लीत जे जे यायचं-जायचं ते ते नोंदवायला सुरुवात केली. दूधवाला सहा दहा, सात मिनिटं लेट, कारण म्हैस. नळाचं पाणी साडेसात ऐवजी नऊ वीस, कारण कळवलेलं नाही. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मुहूर्त होता अकरा पंचावन्नचा आणि नवरदेव मांडवात आला पावणेदोनला. सगळे जेवायच्या गडबडीत, आणि हे वही घेऊन मुलाच्या बापासमोर उभे. "आवं, रागाला येऊ नका. एकशेदहा मिनिटं गेली, कारण काय लिहू? बँड का फेटे?" मुलाचा बाप म्हणाला, फेटे. तसं लिहून, खाली त्यांची सही घेऊनच हे पंगतीत बसले.

दुसरी खोड म्हणजे, जिथं जातील तिथं सगळ्यात शेवटी चालायचं. वरात असो, मयत असो, बाजाराला निघालेली चार माणसं असोत, गार्डसाहेब सर्वांच्या मागं. गार्डाची जागा शेवटी, यात त्यांना काही विचित्र वाटायचं नाही, विचित्र त्यांना पुढं चालणारी माणसं वाटायची. "पुढं बघायला डायवर हाय की. मागं कोण ऱ्हायलं ते कोण बघणार?" एका पंधरा ऑगस्टला मी मोठ्या हौसेनं त्यांना शाळेच्या प्रभातफेरीत बोलावलं. ते खाकी कोट घालून, हिरवी आणि लाल झेंडी काखेत मारून शेवटच्या रांगेमागं चालू लागले. बाजारपेठेत पोरं ऐन रंगात घोषणा देतायत, हेडमास्तर पुढं छाती काढून चाललेत, आणि मागून कर्कश शिट्टी. रेल्वेगावची पोरं ती, शिट्टी म्हणजे काय हे त्यांना बाराखडीच्या आधी कळतं. दोनशे पोरं जागच्या जागी थांबली. हेडमास्तर एकटेच घोषणा देत चौकापर्यंत गेले. झालं होतं एवढंच की पहिलीतल्या एका पोरीची चप्पल चिखलात रुतली होती. ती चप्पल निघाली, पायात गेली, बंद लागला, मग हिरवी झेंडी हलली आणि स्वातंत्र्यदिन पुढं सरकला.

आणि तिसरी गोष्ट, जिचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता, ती म्हणजे ते कधी झोपत नाहीत. "गार्ड झोपत न्हाई मास्तर. डोळे मिटतो." दुपारी बाजेवर पडून त्यांचं तोंड उघडं पडलेलं असायचं, मिशी वर-खाली व्हायची, अंगणातल्या चिमण्या त्या आवाजानं उडून जायच्या, पण हाक मारली की डोळे न उघडता म्हणायचे, "जागा हाय. बोला."

तर अशा माणसाच्या शेजारात माझी सुमी सहा वर्षांची झाली. सुमी म्हणजे आमची एकुलती एक. तिला सारखा घसा धरायचा, महिन्याला ताप यायचा, तोंड उघडं ठेवून झोपायची आणि एवढ्याशा जिवाला न शोभेल असं घोरायची. आम्हाला वाटायचं, पोर दमते, गाढ झोपते. मी तर वर्गात कौतुकानं सांगायचो. शेवटी परभणीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बॅटरी मारून तिच्या घशात पाहिलं आणि म्हणाले, "टॉन्सिल एवढे वाढलेत की दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकांना भेटायचे बाकी आहेत. काढावे लागतील. काढायला मला अर्धा तास लागतो मास्तर, त्याची भीती नाही. मला भीती भुलीची आहे. ही झोपेत घोरता घोरता श्वास घ्यायची थांबते का?"

मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं माझ्याकडं. थांबते का हे पाहायला जागं राहावं लागतं, आणि आम्ही दोघंही त्या बाबतीत कच्चे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काही लेकरांचा श्वास झोपेत मधेमधे अडतो. थोडा अडत असेल तर ते इथंच ऑपरेशन करतील. फार अडत असेल तर भुलीनंतरची पहिली रात्र जिवावरची असते, आणि मग ते या छोट्या दवाखान्यात सुमीला हात लावणार नाहीत. ते कळायचं कसं, तर मुंबईला, फार तर हैदराबादला एक तपासणी निघाली आहे. लेकरू तिथं एक रात्र झोपणार, डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावणार, आणि मशीन सकाळपर्यंत कागद ओकत बसणार. त्याचे किती लागतात हे त्यांनी सांगितलं आणि मी खुर्चीचा हात धरला. माझे तीन पगार. त्यावर तिघांचं जाणं-येणं, राहणं वेगळं. डॉक्टर ऑपरेशनाचे जे घेणार होते ते त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. बरं, तपासणीला पैसे घातले तर मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करायला काही उरत नव्हते, आणि तपासणी न करता इथंच टेबलावर घालावी तर पोरीचा जीव टांगणीला. परतीच्या गाडीत मी पिंगळी येईपर्यंत बोटांवर आकडे जुळवत बसलो. पिंगळीला बायको म्हणाली, "माझ्या पाटल्या आहेत." मिरखेल गेल्यावर मी म्हणालो, "पाहू." पूर्णा येईस्तोवर सुमी माझ्या मांडीवर घोरत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज ऐकवेना.

गार्डसाहेब अंगणात आमची वाट पाहतच होते, कारण आमची गाडी बावीस मिनिटं लेट होती आणि कारण हवं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हंजे झोपायचं लेकरानं, आन् पैसे भरायचे तुमी?"

"हो."

"आन् जागायचं कोणी?"

"मशीननं."

"मशीनला झोप येतीय का? मग जागून त्यानं काय मोठा तीर मारला? ह्या हिसाबानं मी बत्तीस वर्षं जागलो, रेल्वेनं मला हत्ती द्याया पाहिजे होता." मग हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, ती थांबतीय का, किती वेळ थांबतीय, हेच बघायचं न्हवं? मी दुसरं काय केलंय सारी उमर?"

झालं. त्याच रात्री तपासणी करायचं ठरलं. मे महिना, आम्ही सगळे अंगणातच झोपायचो. राणीसावरगावहून माझ्या सासूबाई लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आलेल्या होत्या. ठेंगणी, काटकुळी बाई, पण आवाज सबंध तालुक्याला पुरेल एवढा. दाराशी माझी बाज, आणि पलीकडच्या भिंतीशी ओळीनं बायको, सासूबाई आणि शेवटी सुमी. गार्डसाहेबांनी घोटभर पाणी प्यायलं, खाकी कोट घातला, चेनचं घड्याळ डाव्या हातात, पेन उजव्या हातात, हातबत्ती पायाशी, आणि स्टूल मांडून बसले. फक्त एक अडचण होती. बायामाणसं झोपलेली, त्यांच्याकडं परक्या माणसानं रात्रभर तोंड करून बसायचं हे त्यांच्या तत्त्वात बसेना. तेव्हा ते त्यांच्याकडं पाठ आणि अलीकडच्या भिंतीकडं तोंड करून बसले. म्हणाले, "बघायचं कशाला, मला आवाजावर कळतंय. ब्रेकव्हॅनमधून इंजिन कुठं दिसतंय?" मी पडलो तो सरळ सकाळीच उठलो. मी बाप आहे, पण मास्तरही आहे.

सकाळी गार्डसाहेब तिथंच, तसेच ताठ. चेहरा मात्र उतरलेला. त्यांनी वही माझ्या हातात दिली. सुटली दहा चाळीस. पहिला थांबा दहा त्रेपन्न, सोळा सेकंद. मग रांगच. पानं उलटतोय तरी थांबे संपेनात. एकूण त्रेपन्न, त्यातला सगळ्यात मोठा सदतीस सेकंदांचा. बायको तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मी म्हणालो, पाटल्या काढ. गार्डसाहेब भिंतीकडं बघत मिशी चावत होते. सासूबाईंनी देवाला हात जोडले आणि नातीसाठी मंगळवारचे उपास बोलल्या. म्हणजे अशी सुतकी कळा घरात, आणि मी आपला मास्तरी सवयीनं वही पुन्हा पहिल्यापासून तपासत होतो. शेऱ्याच्या रकान्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, 'एक पंचवीस, गाडी बोलली. हरी हरी.' म्हटलं ठीक आहे, लेकरू आजीचं ऐकतं. पुढं तीन दहाला पुन्हा गाडी बोलली होती. 'सून मेली निम्मं दूध नासवती.'

मी वही बायकोला दाखवली. बायकोनं डोळे पुसून वाचलं. मग आम्ही दोघांनी हळूच सासूबाईंकडं पाहिलं.

तपास केला तेव्हा कळलं ते असं. दिवे मालवल्यावर सुमी आईच्या कुशीत घुसली. मधल्या बाजेवर नळाचा ओला वारा लागतो म्हणून सासूबाई सरकून सुमीच्या बाजेवर गेल्या, डासांपायी चादर डोक्यावरून घेतली, आणि पाठ करून बसलेल्या सभ्य माणसानं शेवटच्या बाजेवरचा आवाज पहाटेपर्यंत इमानानं टिपला. आनंदानं मला नाचावंसं वाटत होतं, पण समोर सासूबाई उभ्या होत्या.

"मी घोरत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं मला समजतंय की मी घोरायले का न्हाई ते. आन् रात्रभर परका बाप्या म्हाताऱ्या बाईचं निजणं लिहून काढायलाय, आन् तुमी समदे बसून वाचायलाव? फाडा ते पान."

गार्डसाहेबांचे कान लाल झाले होते. तरी ते म्हणाले, "आज्जी, चूक माझी हाय, पाया पडतो. पर जर्नलचं पान फाडता येत न्हाई." दोघांत बराच वेळ बोलाचाली झाली. शेवटी पानावर तिरकी रेघ मारून 'चुकून दुसरी गाडी' असा शेरा द्यायचा यावर समेट झाला. सासूबाई मात्र त्या दिवसापासून पेटल्या. आपण घोरत नाही हे सिद्ध करायला त्याही रात्री जागायला बसल्या, गार्डसाहेबांना दर तासाला चहा करून देईन म्हणाल्या, पहिला चहा दिला, आणि साडेअकराला भिंतीला टेकून बसल्या जागी सुटल्या.

या खेपेला तपासणी नीट झाली. सुमी पुढच्या खोलीत एकटी, आणि गार्डसाहेब तिच्याकडं तोंड करून. कापसाचा एक हलका पुंजका त्यांनी दोऱ्याला बांधला आणि वरच्या वाशावरून असा सोडला की तो बरोबर तिच्या नाकातोंडापुढं लोंबेल. श्वास आला की पुंजका हलायचा. आमच्याकडं कापसाला तोटा नाही, पण त्याचा असा उपयोग माझ्या बघण्यात पहिल्यांदाच आला. या वेळी मीही जागलो. आधी हसू येत होतं. सुमीचं ते घोरणं, तो नाचणारा पुंजका, पलीकडं सासूबाईंची साथ, आणि मधे कोट घालून बसलेला हा माणूस. मग एकदम सुमीचा आवाज बंद झाला. छाती वर-खाली होतेय, पोटाला खळगा पडतोय, आणि कापूस जिथल्या तिथं. गार्डसाहेबांनी घड्याळ उजेडात धरलं. मी सुमीकडं धावणार तर त्यांनी डोळ्यांनीच थोपवलं आणि ओठांनी मोजत राहिले. सतरा. अठरा. एकोणीस. मग पोरीनं पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास ओढला, कूस बदलली, आणि कापूस हलला. गार्डसाहेबांनी लिहिलं. मला लिहिता आलं नसतं. दोन वर्षं मी तिच्या उशाशी झोपलो होतो आणि या आवाजाचं कौतुक केलं होतं, याची मला अजून लाज वाटते.

तीन रात्री त्यांनी अशा जागून काढल्या. चौथ्या दिवशी आम्ही परभणीला निघालो, ते शेवटच्या डब्यात, आम्ही नाइलाजानं त्यांच्याबरोबर. डॉक्टरांनी वही उघडली आणि हसायलाच लागले. पोचली काय, सुटली काय. प्रत्येक थांब्यापुढं कारणाच्या रकान्यात सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'पुढं लाईन बंद, टॉन्सिल.' सासूबाईंचं रेघ मारलेलं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग पुढची पानं आली. हसू हळूहळू ओसरलं. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे सव्वीस सेकंद नक्की?"

"घड्याळ रेल्वेचं हाय," गार्डसाहेब म्हणाले. "तरी एक सेकंद इकडं-तिकडं धरा."

डॉक्टरांनी वही मिटली. म्हणाले, "मास्तर, ही काही मशीनची बरोबरी नव्हे. मशीन रक्तातला ऑक्सिजनही सांगतं, ते यात नाही. पण मशीन लावून मला जे ठरवायचं होतं ते ठरवायला एवढं पुरे. मी हिला इथं भूल देत नाही. तपासणीचे पैसे वाचवा आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, जिथं रात्रभर शेजारी कोणीतरी जागं असतं. मी चिठ्ठी देतो, आणि वहीतली ही पानं उतरवून सोबत जोडा." गार्डसाहेब उभे राहिले. बत्तीस वर्षांत त्यांचं जर्नल कोणी मोठ्या माणसानं एवढं मन लावून वाचलं नव्हतं, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर चार वेळा सांगितलं.

मोठा सरकारी दवाखाना औरंगाबादला, आणि निघायचं तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, एस.टी. कधी बंद पडेल याचा नेम नाही. आम्ही रेल्वेनं गेलो. वॉर्डात रात्री एकच माणूस थांबू देत, ती बायको. गार्डसाहेब दारातल्या सिस्टरांना म्हणाले, "ताई, मी माणूस न्हाई, गार्ड हाय." सिस्टरांनी त्यांना बाहेरचा बाक दाखवला. पण ऑपरेशन झालं त्या रात्री चिठ्ठीमुळं सुमीची खाट सिस्टरांच्या टेबलाला अगदी लागून ठेवली होती, आणि दोनच्या सुमाराला तिचा श्वास अडला. सिस्टर दोन पावलांवर होत्या. मान सरळ केली, नळीनं ओढून घसा साफ केला, ऑक्सिजन लावला, आणि जेवढ्या वेळात मी दाराच्या काचेशी पोचलो तेवढ्या वेळात पोरीच्या ओठांना रंग परत आलेला होता. त्या पहाटेपर्यंत असं आणखी दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा सिस्टर जाग्याच होत्या. परभणीच्या छोट्या दवाखान्यात रात्री एक वॉचमन असे, आणि तोही डोळे मिटणारा. मी बाकावर येऊन बसलो, गार्डसाहेबांचा हात धरला आणि रडलो. ते म्हणाले, "रडा. मी येळ लिहीत न्हाई."

पंधरा दिवसांनी घरी त्यांनी शेवटची तपासणी केली. तोच कापूस, तेच स्टूल. त्या रात्री मीही होतो आणि खरं सांगतो, एवढी कंटाळवाणी रात्र मी दुसरी पाहिली नाही. कापूस हलतोय, हलतोय, हलतोय. पेन उघडून बसलेल्या माणसाला लिहायला काही नाही. पहाटे त्यांनी एक ओळ लिहिली. 'सुटली नऊ पन्नास. पोचली पाच पंचेचाळीस. वाटेत थांबा नाही.'

पण ती ओळ लिहायच्या आधी, तीनच्या सुमाराला, एक गोष्ट घडली. सुमीची गाडी बिनघोर चाललीय म्हटल्यावर गार्डसाहेबांची मान खाली आली. मिशी हलायला लागली. घोरण्याचा तो ओळखीचा आवाज सुरू झाला आणि मी गालातल्या गालात हसत होतो, तोच तो बंद पडला. मला आता हे कळायला लागलं होतं. मी त्यांच्या मांडीवरचं घड्याळ पाहिलं. पंधरा. वीस. पंचवीस. एकतीसला मी त्यांना गदागदा हलवलं.

"जागा हाय," ते म्हणाले. "बोला."

"गार्डसाहेब, तुम्ही थांबला होता. एकतीस सेकंद."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग सुमीकडं, मग कापसाकडं. "माझं काय घेऊन बसलाव मास्तर," ते हसून म्हणाले. "माझी गाडी रिकामी हाय. कोण तक्रार करायलंय?" मी म्हणालो, तुम्ही मुंबईला तपासून घ्या. तर म्हणाले, "एक रात्र झोपायला तीन पगार? आन् झोपायचं ते गार्डानं?" आणि आम्ही दोघं तोंडावर हात दाबून इतके हसलो की सुमी जागी होईल अशी भीती वाटली.

त्यानंतर ते वर्षभर पूर्णेत होते. जानेवारीत नामांतराची बातमी रेडिओवर लागली त्या संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावलेली, ताटात पेढे. त्यांनी एक जुनं जर्नल उघडलं. त्यात एक ओळ कधीची अर्धी पडली होती. 'विद्यापीठाचं नाव. सुटली, जुलै अठ्ठ्याहत्तर.' त्या साली नामांतराच्या दंगलीत गावाकडं त्यांच्या भावाचं घर जाळलं होतं, हे मला गल्लीतून कळलेलं, त्यांच्याकडून कधी नाही. त्यांनी पोचल्याची तारीख घातली आणि पुढं लिहिलं, 'पंधरा वर्षं साडेपाच महिने लेट.' कारणाचा रकाना मात्र तसाच ठेवला. मी विचारलं. म्हणाले, "लय मोठं हाय मास्तर. रकाना पुरायचा न्हाई. पेढा घ्या."

त्याच उन्हाळ्यात सिकंदराबादेला नोकरी करणारा त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. पूर्णेचं मीटरगेजही तेव्हा जायलाच लागलं होतं, रुंद रूळ पडत होते. जाताना वही त्यांनी सुमीला दिली आणि शेवटच्या डब्याच्या दारात उभं राहून आम्हाला हिरवी झेंडी दाखवत गेले. पुढच्या वर्षी मुलाचं कार्ड आलं. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत, कसलाही त्रास झाला नाही, असं त्यात होतं.

सुमी आता दोन लेकरांची आई आहे. धाकटा घोरतो म्हणून परवा त्याची ती तपासणी केली, आता ती नांदेडलाही होते. किती लागले ते मी विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन मी गार्डसाहेबांची वही काढली. सुमीच्या तीन रात्री, सासूबाईंचं रेघेचं पान, ती थांबा नसलेली ओळ, सगळं जागच्या जागी आहे. त्या रात्रीचे एकतीस सेकंद कुठंच नाहीत. पेन माझ्या हाताशी होतं, वही पुढ्यात उघडी होती, आणि मी हसत बसलो. त्यांच्या एका रात्रीचे तीन पगार मला तेव्हा लई वाटले होते.